तेलाचा दाटपणा आणि इंजिनाचे आयुष्य

कढईत नुकतेच ओतलेले थंड तेल संथपणे पसरते. तेच तेल तापले की पाण्यासारखे सळसळते. स्वयंपाकघरात रोज घडणारी ही साधी गोष्ट मोटारीच्या इंजिनातही घडते; मात्र तेथे तिच्यावर हजारो रुपयांच्या यंत्राचे आयुष्य अवलंबून असते. द्रवाच्या वाहण्याला त्याच्या अंगूनच जो विरोध होतो, त्याला श्यानता म्हणतात. बोलीभाषेत त्यालाच तेलाचा दाटपणा किंवा जाडपणा म्हटले जाते.

इंजिनातील क्रँकशाफ्ट आणि त्याचे बेअरिंग यांच्यामध्ये मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढीच फट असते. पंपाने चढवलेले तेल त्या फटीत शिरते आणि फिरणारा शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर अक्षरशः तरंगू लागतो. तेल फार पातळ असेल तर हा थर तुटतो, धातू धातूवर घासतो आणि शेवटी इंजिन जाम होते. तेल फार दाट असेल तर ते घुसळण्यातच इंजिनाची काही शक्ती खर्ची पडते, पेट्रोल अधिक जळते आणि पिकअप मंदावतो.

झीज सर्वांत अधिक होते ती मात्र भरधाव वेगात नव्हे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीतील बरेचसे तेल खाली चेंबरमध्ये उतरलेले असते. सकाळी सेल्फ मारल्यावर ते वरच्या भागांपर्यंत पोहोचेतो इंजिन जवळजवळ कोरडेच फिरते. थंडीने तेल घट्ट झाले असेल तर हा अवधी वाढतो. लडाखमधील द्रास येथे हिवाळ्यात पारा उणे २० अंशांच्याही खाली जातो. नागपुरात मे महिन्यात तो ४५ अंशांवर चढतो. दोन्हीकडे एकच तेल कसे चालावे?

तेलाच्या डब्यावरील अंक याच प्रश्नाचे उत्तर देतात. अमेरिकेतील 'सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स' या संस्थेने १९११ पासून इंजिन ऑइलची श्यानतेनुसार वर्गवारी सुरू केली. '२०डब्ल्यू-४०' या खुणेतील 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, अर्थात हिवाळा. '२०डब्ल्यू' तेलाने इंजिन सहज फिरते की नाही, हे उणे १५ अंशांना तपासतात, तर '५डब्ल्यू' तेलाची तीच परीक्षा उणे ३० अंशांना होते. द्रासच्या पहाटेसाठी कोणते तेल हवे, हे यावरून उघड आहे. पुढचा अंक १०० अंश तापमानातील दाटपणा दाखवतो. तापल्यावर '२०' चे तेल '४०' इतके दाट होते, असा समज गॅरेजमध्येही आढळतो, पण तो खरा नाही. तापल्यावर प्रत्येक तेल पातळच होते. अशा तेलातील विशिष्ट रसायनांचे लांबलचक रेणू उष्णतेने उलगडतात आणि ते पातळ होणे थोडे आवरून धरतात, इतकेच.

'जाड तेल तेवढे चांगले' हा समज जुन्या, सैल फटींच्या इंजिनांच्या काळातून आला असावा. आजच्या पुष्कळ गाड्यांना '५डब्ल्यू-३०' किंवा '०डब्ल्यू-२०' असे पातळ तेल सांगितलेले असते. त्यांच्यातील फटी आणि तेलाच्या दाबावर चालणारे भाग त्याच तेलाच्या हिशेबाने बेतलेले असतात. झिजलेल्या इंजिनात दाट तेल घातल्यावर आवाज आणि धूर काही दिवस कमी होतो, हे खरे. पण त्याने झीज भरून निघत नाही. केवळ झाकली जाते. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी, कारण फसगत बहुधा येथेच होते. हप्त्यावर घेतलेल्या टॅक्सीचे इंजिन उघडावे लागले, तर खर्च होतोच आणि कित्येक दिवसांची कमाईही बुडते.

योग्य तेलही कायम योग्य राहत नाही. न जळलेले पेट्रोल त्यात मिसळले की ते पातळ होते; काजळी साठली किंवा उष्णतेने तेल खराब झाले की दाट होते. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत तेलाचा प्रकार आणि ते बदलण्याचे किलोमीटर व महिने, असे दोन्ही दिलेले असते. यांपैकी जी मर्यादा आधी येईल, ती पाळायची असते. तेलाची पातळी सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिकने पाहावी. आणि धावत्या गाडीत तेलाच्या दाबाचा लाल दिवा लागला, तर पुढच्या गॅरेजची वाट न पाहता सुरक्षित जागी थांबून इंजिन तत्काळ बंद करावे.