घरच्या उंबऱ्याचं माप कुणी घ्यायचं?

"आमच्याकडे तर पेशंट चालत होता, मॅडम. घरी गेल्यावर फॅमिलीचे एफर्ट्स कमी पडतात." रिहॅब सेंटरच्या कोऑर्डिनेटरने फोनवर ऐकवलेलं हे वाक्य मी जन्मात विसरणार नाही.

हो, पक्षाघातानंतर तिथे चालत होते आमचे अण्णा. सपाट फरशीवर, दोन्ही बाजूंना कठडे असलेल्या पॅसेजमध्ये. आमचं घर नेरूळला सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ॲडमिशनच्या फॉर्मवर मी हे स्वतः लिहिलं होतं. तरी त्यांना एकदाही जिना चढायला लावला नाही. डिस्चार्जच्या दिवशी सोसायटीतल्या मुलांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून त्यांना वर आणलं.

संध्याकाळी ते बाथरूमच्या दाराशी उभे राहिले. दार जेमतेम दोन फुटी, वॉकर अडकला. तो बाजूला केला तर पुढे ४ इंचांचा उंबरा. धरायला काय, तर नळाचा पाइप, तोही डाव्या हाताला. आणि गेलेली बाजू डावीच. कुठला पाय आधी टाकायचा हेच त्यांना समजेना. माझ्याकडे बघून म्हणाले, "तिथे असं नव्हतं गं." तेव्हा लख्ख कळलं, एवढे पैसे मोजून त्यांना सेंटरमध्ये राहायला शिकवलं होतं. घरात राहायचं कुणी शिकवलंच नव्हतं. (चढताना चांगला पाय आधी, उतरताना लुळा आधी. इतकं साधं आहे ते.)

म्हणून सांगते. डिस्चार्जची तारीख ठरण्याआधी घरच्या संडास-बाथरूमचे फोटो काढा. दाराची रुंदी, उंबऱ्याची आणि कमोडची उंची टेपने मोजा आणि तो कागद थेट फिजिओच्या हातात द्या, कोऑर्डिनेटरच्या नाही. उंबऱ्याएवढ्याच उंचीचा लाकडी पाट ठेवून सेंटरमध्येच सराव करून घ्या. पलंगावरून खुर्चीत कसं घ्यायचं, ते फिजिओच्या देखत तुम्ही स्वतः करा. नुसतं बघून येत नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्ट मागा, अंघोळ, कपडे, जेवण ही त्यांची कामं. विषय काही नवा नाही, कमला निंबकरांनी १९५० सालीच परळच्या केईएममध्ये त्याचं शिक्षण सुरू केलं. आमच्या बिलात ऑक्युपेशनल थेरपीची ओळ दर आठवड्याला होती, माणूस कधी दिसला नाही.

पेशंट सांभाळायला ब्युरोचा मामा ठेवलात तर पहिल्याच दिवशी बजावा, लुळ्या हाताला धरून उठवायचं नाही. पक्षाघातात खांद्याचे स्नायू सैल पडतात, सांधा खाली सरकू शकतो. ओढलं की दुखणं मागे लागतं. आमच्याकडे अण्णांचा हात ओढला गेला, आणि खांद्याच्या दुखण्यापायी व्यायामच बंद पडले. कमरेला पट्टा बांधा आणि तो धरा. बसलेले असताना हात लोंबकळू देऊ नका, खाली उशी ठेवा. जेवण ताठ बसवूनच. पाणी पिताना ठसका लागत असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला, पाणी फुप्फुसात जाऊ शकतं.

घरी येणारा फिजिओ मशीन लावून मोबाइल बघत बसला, तर त्याला नारळ द्या. पहिल्या ३ ते ६ महिन्यांत सुधारणा सगळ्यात जास्त होते. ते दिवस नुसते शेक घेण्यात घालवायचे नसतात. बाकी धीर धरा, बीपीच्या गोळ्या चुकवू नका, पेशंटशी बोलत राहा, हे सगळेच सांगतात.

पैसे संपत आले असतील तर हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, १९५५ पासूनची. आम्हाला तिचं नाव सेंटरमध्ये कुणी सांगितलं नाही. का सांगतील?

आणि डिपॉझिट. बाहेर पडण्याआधीच काउंटरवर उभं राहून परत घ्या. आमचं अजून "प्रोसेसमध्ये" आहे. तिकडून मेसेज येतात ते फक्त रेटिंग द्या म्हणून.