रशियन भाषेचें स्वयंशिक्षण आणि पुस्तकाची निवड

वैद्यकीच्या अभ्यासासाठीं रशियास जाऊं इच्छिणारे विद्यार्थी हल्लीं पुष्कळ आढळतात, आणि तेथें रुग्णाशीं त्याच्याच भाषेंत बोलावें लागतें. कित्येकांस टॉल्स्टॉय किंवा चेकॉव्ह मुळांतून वाचण्याची हौस असते. गांवांत शिक्षक मिळत नाहीं. म्हणून वडील एखादें पुस्तक विकत आणून देतात, आणि दोन महिन्यांत तें फळीवर जाऊन पडतें. दोष मुलाच्या आळसास दिला जातो. आमच्या मतें तो पुष्कळदां पुस्तकाच्या निवडीचा असतो.

आम्ही स्वतः रशियन शिकूं लागलों तें एका स्वस्त पुस्तकावरून. त्यांत शब्द होते, नियम होते. परंतु शब्दांतील कोणत्या स्वरावर जोर द्यावयाचा याची खूण कोठेंच नव्हती. रशियन लोकांसाठीं छापलेल्या ग्रंथांतही ती सहसा नसते, कारण त्यांस तिची गरज नाहीं. परक्यास मात्र ती हवीच. जोर शब्दांत कोठेंही पडतो, आणि बिनजोराच्या 'ओ'चा उच्चार 'अ'कडे झुकतो. पुढें गोव्याच्या किनाऱ्यावर उतरलों असतां शेजारच्या खोलींतील रशियन गृहस्थ दाराचें कुलूप उघडें टाकून निघाले. आम्हीं मोठ्या उत्साहानें त्यांस तसें सांगितलें. कुलपास 'जमोक' म्हणतात. आम्ही 'जामक' म्हणालों. अक्षरें दोहोंचीं एकच, पण दुसऱ्याचा अर्थ किल्ला! किल्ला उघडा आहे असें समजून ते गृहस्थ आभार मानून टेकडीकडे चालते झाले, आणि आम्ही दुपारपर्यंत त्यांच्या खोलीची राखण करीत बसलों.

म्हणून पुस्तकाचें मधलेंच एखादें पान उघडून जोराच्या खुणा आहेत कीं नाहींत, तें आधीं पाहावें. नसल्यास पुस्तक खालीं ठेवावें. स्वाध्यायांचीं उत्तरें शेवटीं दिलेलीं असावींत. एरव्हीं एकट्यानें शिकणाऱ्यास त्याची चूक कोण दाखविणार? लिपीचें भय नको. ३३ अक्षरें आठवड्यांत येतात. मात्र १९१८ सालीं लेखनपद्धति सुधारून कांहीं अक्षरें गाळण्यांत आलीं, तेव्हां त्यापूर्वींचें पुस्तक, मग तें १९१४ सालचें नेव्हिल फोर्ब्ज यांचें विद्वत्तापूर्ण व्याकरण कां असेना, आरंभास घेऊं नये. जुन्या सोव्हिएत पुस्तकांतील संवादांत जो तो 'तवारिश्' म्हणून हांक मारतो; आज तसें म्हणत कोणाच्या घरीं जाऊं नये, इतकेंच.

बहुतेक पुस्तकें इंग्रजी वाचकासाठीं लिहिलेलीं असतात. त्यांत लिंग व विभक्ति समजाविण्यांत पानेंच्या पानें जातात. मराठी मुलास तीन लिंगें जन्मापासून ठाऊक. त्यानें तीं पानें भरभर उलटावींत. (आपलें 'पुस्तक' नपुंसकलिंगी, त्यांचें 'क्नीगा' स्त्रीलिंगी, एवढें ध्यानांत ठेवावें.) खरी अडचण क्रियापदांत आहे. आपण 'वाचणें' आणि 'वाचून काढणें' असा भेद करतों. रशियनमध्यें त्यासारखा भेद 'चितात्' आणि 'प्रचितात्' अशा जोड्यांनीं होतो, आणि तो जवळजवळ प्रत्येक वाक्यांत पाळावा लागतो. ज्या पुस्तकानें ह्या जोड्या दोन पानांत उरकल्या असतील, तें आम्ही घेणार नाहीं. निकोलस ब्राउन यांचें १९९६ सालचें पेंग्विन मालेंतील ३० पाठांचें पुस्तक ह्या कसोट्यांस उतरतें. उच्चार मात्र कानानेंच शिकावे. 'कोपरा' आणि 'कोळसा' ह्यांच्या रशियन शब्दांत केवळ शेवटच्या मृदु 'ल'चा फरक आहे, आणि तो कागदावर ऐकूं येत नाहीं.

पैसे देण्यापूर्वीं पुस्तक ग्रंथालयांतून आणून एक पाठ करून पाहावा. आपली चूक कां झाली हें दुसऱ्या दिवशीं त्याच पुस्तकावरून कळलें, तर तें विकत घ्यावें.