नाकातली बुरशी आणि न संपणारी सर्दी

२०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत 'काळी बुरशी' हा शब्द घरोघरी पोहोचला. म्युकरमायकोसिस हे त्या आजाराचे वैद्यकीय नाव. तेव्हापासून सीटी स्कॅनच्या अहवालात 'फंगल' असा शब्द दिसला की रुग्णाचा आणि नातेवाइकांचा धीर सुटतो. परंतु नाकातल्या सगळ्या बुरशा सारख्या नसतात. बुरशीच्या अ‍ॅलर्जीने होणारा सायनसचा आजार हा अगदी निराळा आहे. तो सहसा जिवावर बेतत नाही. मात्र तो भलता चिवट आहे, आणि वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले तर डोळ्यावर येऊ शकतो.

आपल्या कपाळात, गालांच्या हाडांत, दोन डोळ्यांच्या मध्ये आणि नाकाच्या पार मागे हवेने भरलेल्या पोकळ्या असतात. त्यांना सायनस म्हणतात. आतल्या नाजूक अस्तरातून पाझरणारा स्राव बारीक वाटांनी नाकात उतरतो. वाट मोकळी असेपर्यंत आपल्याला सायनस आहेत याची जाणीवही नसते.

बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. ओलसर भिंत, कुजका पालापाचोळा, धान्याचे कोठार, भुसा, पावसाळ्यात बंद राहिलेली खोली, कोठेही. आपण सर्वच जण ते श्वासाबरोबर आत घेतो आणि बहुतेकांना काही होत नाही. काही जणांच्या शरीराला मात्र त्यांचे वावडे असते. त्यांच्या नाकाचे अस्तर सुजते, स्राव घट्ट होतो आणि पोकळीची वाट बुजते. अडकलेल्या स्रावात बुरशी वाढते, ती वाढली की वावडे वाढते आणि सूजही वाढते. असे हे रहाट सुरू राहते. म्युकरमध्ये बुरशी मांसात, रक्तवाहिन्यांत आणि हाडात शिरून ते कुजवते. येथे ती फक्त स्रावात राहते, मांसात शिरत नाही. सगळा त्रास शरीराने तिच्याविरुद्ध मांडलेल्या भांडणाचा असतो. आपल्या देशात या आजारात बहुतेक वेळा अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी सापडते.

रुग्ण बहुधा तरुण आणि एरवी धडधाकट असतो. काहींना दमा असतो, काहींना सकाळी उठल्याबरोबर शिंकांची माळ लागते. नाक महिनोन्‌महिने चोंदलेले, वास येत नाही, भाजी करपली तरी कळत नाही. शिंकरल्यावर कधी कधी हिरवट-तपकिरी रबरासारखा तुकडा पडतो. तो पडला तर डॉक्टरांना जरूर सांगावे, निदानाला त्याचा उपयोग होतो. ताप नसतो, दुखणेही फारसे नसते, म्हणून रुग्ण उशिरा येतो. तोवर अँटिबायोटिकचे चार-पाच कोर्स झालेले असतात. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालते. वावड्यावर आणि बुरशीवर त्याचा उपयोग नाही.

नाकात बॅटरी मारून पाहिले की द्राक्षाच्या मण्यासारखे पांढुरके, लिबलिबीत कोंब दिसतात. यालाच लोक 'मास वाढले' म्हणतात. काही जण 'हाड वाढले' असेही म्हणतात, पण ती गोष्ट वेगळी. तेथे नाकाचा मधला पडदा वाकडा असतो.

१९८३ साली कॅट्झेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी या आजाराचे सविस्तर वर्णन केले आणि १९९४ साली बेंट व कुन यांनी निदानाच्या पाच खुणा सांगितल्या: बुरशीचे वावडे, नाकातले कोंब, सीटी स्कॅनमधले विशिष्ट चित्र, स्रावात सापडणारी बुरशी, आणि तिने मांसात शिरकाव केलेला नसणे. वावडे कळण्यासाठी त्वचेची चाचणी किंवा रक्तातील आयजीई पाहतात.

उपचारात शस्त्रक्रिया पहिली येते. नाक-कान-घसा तज्ज्ञ नाकपुडीतून दुर्बीण घालून कोंब काढतात, बुजलेल्या वाटा मोकळ्या करतात आणि साठलेला गाळ धुऊन काढतात. हा गाळ बैलगाडीच्या आसाला लावलेल्या वंगणासारखा चिकट असतो. तो गोळ्यांनी विरघळत नाही, म्हणून शस्त्रक्रिया टाळून चालत नाही. चेहऱ्यावर बाहेरून टाका येत नाही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही ही शस्त्रक्रिया होते.

मात्र शस्त्रक्रियेने गाळ जातो, वावडे जात नाही. रुग्णाला मोकळा श्वास येऊ लागला की तो औषध सोडतो आणि वर्ष-दोन वर्षांत पुन्हा तेथेच येतो. शस्त्रक्रियेच्या आगेमागे काही दिवस प्रेडनिसोलोनच्या गोळ्या देतात व त्या हळूहळू कमी करतात. मधुमेह, रक्तदाब, पोटातील व्रण किंवा पूर्वी झालेला क्षय असेल तर आधी सांगितलेच पाहिजे. उरलेल्या गोळ्या पुढच्या सर्दीला मनाने घेऊ नयेत. अनियंत्रित मधुमेह आणि बेहिशेबी स्टेरॉइड या जोडीनेच २०२१ मध्ये म्युकरला वाट करून दिली होती.

नाकात मारायच्या स्टेरॉइड फवाऱ्याची लोकांना उगाच भीती वाटते. त्यातले फारच थोडे औषध रक्तात जाते. तो महिनोन्‌महिने मारावा लागतो आणि त्याचा गुण दिसायला काही आठवडे लागतात. मान किंचित पुढे झुकवावी. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत व डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत, तोंड बाहेरच्या बाजूला म्हणजे कानाच्या दिशेने धरून फवारा मारावा. मधल्या पडद्यावर मारला तर रक्त येते. जोराने ओढू नये, नाहीतर औषध घशात उतरते. नाक तात्काळ मोकळे करणारे थेंब हे वेगळे औषध आहे. ते पाच-सात दिवसांपेक्षा जास्त वापरले तर नाक आणखी चोंदू लागते.

मिठाच्या पाण्याने रोज नाक धुणे हाही उपचाराचाच भाग आहे. जलनेती करणाऱ्यांना हे नवीन नाही. उकळून कोमट केलेल्या पाव लिटर पाण्यात पाव चमचा मीठ पुरते. विहिरीचे वा नळाचे पाणी न उकळता वापरू नये, आणि भांडेही रोज धुऊन वाळवावे. शस्त्रक्रियेनंतर धुणे केव्हा सुरू करायचे ते शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारावे.

'बुरशी आहे तर बुरशीचेच औषध द्या ना', असा प्रश्न हमखास येतो. इट्राकोनाझोलसारख्या गोळ्या वारंवार उलटणाऱ्या आजारात काही तज्ज्ञ देतात. परंतु सर्वांना त्यांची गरज नसते, त्यांचा लाभ निश्चित झालेला नाही आणि यकृतावर लक्ष ठेवावे लागते.

साठलेला गाळ वर्षानुवर्षे दाबत राहिला तर डोळ्याजवळचे हाड पातळ होते आणि डोळा हळूहळू पुढे येतो. आरशापेक्षा जुन्या फोटोत हा फरक लवकर लक्षात येतो. डोळा पुढे आला, एकाची दोन दिसू लागली किंवा नजर मंद झाली, तर सर्दीचे औषध घेत न बसता त्याच आठवड्यात तज्ज्ञांकडे जावे. मधुमेही व्यक्तीच्या चेहऱ्याला अचानक सूज व बधिरपणा आला, तीव्र दुखू लागले, दात हलू लागले, नाकात किंवा टाळूवर काळसर डाग दिसला, किंवा एकाएकी नजर गेली, तर तो म्युकर असू शकतो. तेथे त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठे रुग्णालय गाठावे.