बालकांचा तमकश्वास आणि इनहेलर

चरकाचार्यांनी तमकश्वास याप्य, परंतु नवोत्पन्न असता साध्य सांगितला आहे. त्यामुळे बालवयातील चिकित्सेचे महत्त्व मोठे. मात्र आमच्याकडून आरंभी एक चूक घडली. अडीच वर्षांच्या एका बालकास औषधे दिली; चालू इनहेलरची चौकशी राहिली. पालकांनी तो परस्पर थांबविला आणि आठवड्याच्या आत, रात्री वेगावस्थेत, बालकास रुग्णालयात न्यावे लागले.

तेव्हापासून आम्ही पहिल्याच भेटीत इनहेलर व स्पेसर मागवून कृती पाहतो. या वयात मास्कसह स्पेसर आवश्यक. इनहेलर हलवावा, मास्क नाकातोंडावर घट्ट बसवावा, एक पफ देऊन पाच-सहा श्वास होऊ द्यावेत. बालक रडत असल्यास औषध फुप्फुसात फारच कमी पोचते. स्टिरॉइडयुक्त इनहेलरनंतर तोंड व चेहरा पुसावा. मात्रा बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्यावाचून बदलू नये.

रज व धूम हे हेतू ग्रंथोक्तच आहेत. म्हणून धूप, उदबत्ती, विडी-सिगारेट व डासांची कॉइल घरातून वर्ज्य करावी.

श्वास मिनिटास 40 हून अधिक, बरगड्यांखाली खळगी, पिणे-बोलणे अशक्य वा ओठ निळसर दिसल्यास काढ्यात वेळ न दवडता तत्काळ रुग्णालयात पाठवावे. निदानपरिवर्जन आपले, वेगावस्थेतील इनहेलर बालकाच्या हक्काचा.