गाळाच्या ढिगाची आकाशांतून मोजणी

तलावांतील गाळाचा शेतास होणारा उपयोग आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. २०१७ सालीं राज्य सरकारनें ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना काढल्यापासून अशा गाळाकडे अधिक लक्ष गेलें. गाळाचा वा मुरुमाचा ढीग ब्रासांनीं मोजतात व वाहतुकीचे पैसेहि पुष्कळदां त्याच मापानें चुकते होतात. म्हणून मापांतील चूक म्हणजे कोणाच्या तरी पदरची रक्कम होय.

एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारें २.८३ घनमीटर. महसूल खात्यांत असतां आम्ही ढिगाची लांबी, रुंदी व दोन-चार ठिकाणच्या उंचीची सरासरी टेपनें काढीत असूं. ढीग ओबडधोबड असल्यास तो निव्वळ अंदाजच ठरे. हल्लीं हें काम ड्रोन नांवाच्या लहान, वैमानिकरहित विमानाकडून करून घेतात. तो ढिगावरून समांतर ओळींनीं उडत छायाचित्रें घेतो. लागोपाठचीं चित्रें सुमारें शेंकडा ८० व शेजारच्या ओळींतील शेंकडा ७० एकमेकांवर आलीं पाहिजेत. एकच ठिकाण अनेक चित्रांत निरनिराळ्या कोनांतून दिसतें. त्यावरून संगणक त्याची उंची काढतो व ढिगाचा सर्व पृष्ठभाग रचतो.

मोठी चूक बहुधा तळांत होते. ड्रोनला माथा दिसतो, तळ दिसत नाहीं. संगणक ढिगाच्या कडेवरील बिंदू जोडून तळ कल्पितो. खालीं उंचवटा असेल तर तोहि गाळांत धरला जाऊन पैसे देणारा नाडला जातो; खळगा असेल तर वाहतूक करणारा. तळ ४० मीटर लांब व २५ मीटर रुंद असून सरासरी १० सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या वितेहूनहि कमी, चुकला तर १०० घनमीटर, अर्थात् सुमारें ३५ ब्रासांचा फरक पडतो!

गेल्या उन्हाळ्यांत काटकसरीपायीं आम्हीच मोकळ्या जागेची मोजणी टाळली. ढीग पसरल्यावर खालीं जुना बांध निघाला. त्याचेहि पैसे आम्ही देऊन चुकलों होतों. यास्तव पुढील नियम पाळावे:

१. ढीग पडण्यापूर्वीं मोकळ्या जागेची व नंतर ढिगाची, अशी दोनदां मोजणी करावी.

२. सभोंवार किमान पांच पक्क्या खुणा ठेवून त्यांच्या जागा व उंची अचूक यंत्रानें घ्याव्या. दोन्ही वेळीं त्याच खुणा वापराव्या.

३. नकाशा जुळविण्यास न घेतलेल्या आणखी दोन खुणांमधील अंतर स्वतः टेपनें मोजून नकाशाशीं ताडावें. सर्व मापांत शेंकडा १ चूक असेल तर घनफळांत सुमारें शेंकडा ३ होते.

४. गवत व ताडपत्री आधीं काढावी; नाहींतर त्यांचीहि माती म्हणून गणना होते.

५. उपसलेली माती फुगते. खड्ड्याचें माप धरावयाचें कीं ढिगाचें, हें करारांत आधींच लिहावें.

अभ्यास: तळ ३० मीटर लांब, २० मीटर रुंद व चूक सरासरी ५ सेंटिमीटर असल्यास किती ब्रासांचा फरक पडेल? उत्तर: सुमारें साडेदहा.