येझदीचा सायलेन्सर ओझरात घडेल का?

प्रश्न : वडील एचएएलमध्ये फिटर होते. त्यांनी १९८४ साली घेतलेली येझदी अजून चालू आहे, पण दोन्ही सायलेन्सर खालून सडलेत. डाव्यात तर बोट जाईल एवढं भोक पडलंय. बाजारात मिळतात ते आपल्या गाडीला बसतील का, कळत नाही. ओळखीचा मिस्त्री म्हणतो, ‘जाळ्या काढून टाका, साधा पाइप जोडून देतो, गाडी उलट जास्त पळेल.’ त्याचं ऐकू का? की इथेच कुणाकडून बनवून घेऊ?
— एक वाचक, ओझर

उत्तर : मिस्त्रीचं ऐकू नका. बाकीचं सावकाश सांगतो.

येझदी टू-स्ट्रोक. तिच्यात व्हॉल्व्ह नाहीत, सिलिंडरच्या भिंतीतली भोकं पिस्टनच उघडतो आणि झाकतो. जळका धूर बाहेर जायचं भोक उघडं असतानाच ताजं मिश्रण आत येत असतं, त्यामुळे त्यातलं थोडं धुरापाठोपाठ फुकट निसटतं. त्याला अडवतो तो सायलेन्सर. धुराबरोबर दाबाची एक लाट पाइपातून मागे जाते, निमुळत्या भागावर आणि जाळीवर आपटून परत फिरते आणि वेळेवर पोहोचली तर निसटणारं मिश्रण आत ढकलते. ही वेळ किती बारीक असते ते पाहा. इंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेत असेल तर एका फेऱ्याला १२ मिलिसेकंद लागतात, आणि धुराचं भोक त्यातले जेमतेम पाच-सहा मिलिसेकंद उघडं राहतं. गरम धुरात लाट सेकंदाला सुमारे ५०० मीटर धावते. म्हणजे पाच मिलिसेकंदांत अडीच मीटर, जाऊन-येऊन. पाइप कुठे रुंदावतो, कुठे निमुळता होतो, हे म्हणूनच हिशेबाने ठरलेलं असतं.

हा हिशेब सर्वांत बारकाईने बसवला तो पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीच्या वॉल्टर काडेन याने, १९५०च्या दशकात. युद्धकाळात तो क्षेपणास्त्रांच्या कामावर होता. त्याचा रेसर एर्न्स्ट डेग्नर १९६१ साली पळून सुझुकीकडे गेला, जाताना हे गुपित घेऊन गेला आणि १९६२ला सुझुकीने ५० सीसीचं जागतिक अजिंक्यपद मारलं. एका पाइपाच्या आकारासाठी एवढं रामायण!

तुमची येझदी काही रेसची गाडी नाही. पण जाळी काढली की लाटेचा आणि अडवणुकीचा हिशेब बिघडतोच. आवाज वाढतो म्हणून गाडी पळतेय असं वाटतं, प्रत्यक्षात खालच्या वेगातली ओढ जाते. चढाला गिअर पाडावा लागतो. मिश्रण पातळ झालं तर पिस्टन तापून जाम होतो, आणि मग खर्च सायलेन्सरचा राहत नाही, बोअरचा होतो.

आता नवे मिळतात का? मिळतात. म्हैसूरची आयडियल जावा १९९६ साली बंद पडली, तरी जावा-येझदीचे चाहते देशभर आहेत आणि त्यांच्यासाठी सायलेन्सर नव्याने बनवले जातात. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउसचा भाग, जुना माल हवा असेल तर कुर्ला, ही तुमच्या जवळची ठिकाणं. गाडीचं मॉडेल सांगूनच मागा. रोडकिंगचे आणि आधीच्या मॉडेलचे सायलेन्सर एकच समजू नका. २०२२ साली पुन्हा आलेल्या येझदीचे तर विचारूच नका. ती ३३४ सीसीची फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारी गाडी. तिच्या काही मॉडेलांनाही नळकांडी दोन आहेत, पण नातं नावापुरतं. (ती बनते पिथमपूरला. तुमच्या दारावरून जाणारा आग्रा रोड तिथूनही जवळून जातो. तेवढ्यासाठी जाऊ नका.)

विकत घेताना सायलेन्सर हातात घेऊन वजन बघा, मागच्या टोकाचा नट काढून जाळी ओढून बाहेर काढा. बाहेरून आरशासारखं क्रोम आणि आत जाळीच्या नावाने चार भोकांची नळी, असा माल भरपूर आहे. जाळी तुमच्या जुन्या जाळीशेजारी धरा. लांबी, भोकांची संख्या आणि भोकांचा व्यास जुळला तरच पैसे मोजा. आणि घ्यायचे तर दोन्ही घ्या. सिलिंडर एक आणि धुराच्या वाटा दोन आहेत. एक मोकळी आणि एक तुंबलेली ठेवली तर धूर मोकळ्या वाटेनेच जाणार.

पण मला विचाराल तर बनवून घ्या. एचएएलने जिथे एकेकाळी मिग विमानं बांधली त्या गावात पत्रा वळवणारा हात सापडत नाही, असं व्हायचं नाही. वडिलांचेच जुने सहकारी गाठा, किंवा सातपूर-अंबडमध्ये शीट मेटलचं काम करणारा छोटा वर्कशॉपवाला. त्याच्याकडे जाताना फोटो नेऊ नका, सडलेला सायलेन्सरच न्या. तोच तुमचा नकाशा. आधी त्याची भोकं चिकटपट्टीने बंद करा, एक तोंड बुजवा, मापाने पाणी ओता आणि आत किती मावलं ते लिहून ठेवा. नवा तयार झाला की त्यातही तेवढंच पाणी मावलं पाहिजे. मग उभा कापून आतले पडदे कुठे आहेत ते मोजा. शंकूचा भाग पुठ्ठ्यावर उलगडून घ्या. आयटीआयला शीट मेटल शिकलेल्या माणसाला यात काही नवीन नाही.

पत्रा १८ गेजचा, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आतबाहेरचा, साधा सीआरसी घ्या. पातळ घेतला तर डब्यासारखा वाजतो. जाड घेतला तर वजनाने ब्रॅकेट तुटतं. जीआय पाइप स्वस्त पडतो म्हणून कुणी पुढे केला तर नको म्हणा. वेल्डिंग करताना त्यातल्या जस्ताचा धूर छातीत जातो. सांधे आर्गनने मारून घ्या, मणी बारीक येतो आणि बफिंगला सोपं जातं.

क्रोम हाच खरा घोळ. प्लेटिंगच्या टाकीतलं आम्ल एकावर एक चढवलेल्या सांध्यांत शिरलं की बाहेर येत नाही आणि सायलेन्सर आतून खायला लागतो. म्हणून सांधे एकावर एक न चढवता टोकाला टोक लावून सलग, न गळणारे मारायचे आणि तोंडं बुचांनी बंद करूनच टाकीत सोडायचं. क्रोम परवडत नसेल तर उष्णता सोसणारा काळा रंग द्या. साधं पावडर कोटिंग सिलिंडरपासून सायलेन्सरकडे जाणाऱ्या बेंड पाइपवर टिकत नाही.

जाळ्या मात्र जुन्याच वापरता येतात का बघा. बहुधा त्या सडलेल्या नसतात, काजळीने तुंबलेल्या असतात. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर बुडवा. पाण्यात सोडा टाकायचा, सोड्यावर पाणी कधीच नाही. हातमोजे, चष्मा, आणि ॲल्युमिनियमचं भांडं नको. जुन्या सायलेन्सरला ठिगळ लावायचा विचार असेल तर तो पेट्रोलने धुऊन वेल्डरकडे नेऊ नका, आत राहिलेली वाफ भडकते.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) खाली आवाजाचे किंवा धुराचे नियम मोडले तर २०१९च्या दुरुस्तीनंतर दंड १०,००० रुपयांपर्यंत जातो, शिवाय लायसन्स तीन महिने हातचं जातं. मूळ मापाचा, जाळीसह सायलेन्सर असेल तर घाबरायचं कारण नाही. २०००च्या आधीच्या दुचाकीला पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएमपर्यंत मुभा आहे. ऑइलचं प्रमाण नीट असलं तर येझदी त्यात बसायला हवी.

बसवताना सिलिंडरवरच्या आट्यांना जपा. तिथे बेंड पाइप घट्ट करणारी खाचांची रिंग छिन्नी-हातोडीने ठोकू नका, सी-पाना वापरा. नवं पॅकिंग घाला. सायलेन्सरचं ब्रॅकेट आधी ढिलं ठेवा, रिंग आवळा, मग ब्रॅकेट. गाडी पिंपळगावपर्यंत नेऊन आणा आणि गरम असतानाच रिंग पुन्हा एकदा आवळा. ती सैल राहिली तर सिलिंडरचे आटे जातात, आणि ते पत्र्याच्या माणसाला दुरुस्त करता येत नाहीत.