बिटकॉइन, रुपया आणि मेसचं ताट

माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं. चलन म्हटलं की मला फी भरायची बँकेतली पावतीच आठवते! पण चलन म्हणजे पैसा. आज जेवढ्या पैशात एक ताट मिळतं, तेवढ्यातच उद्याही साधारण तेच ताट मिळणं, याला किमतीचं स्थैर्य म्हणतात.

हॉस्टेलवर क्रिप्टोची चर्चा निघाली की एक मुद्दा हमखास येतो: बिटकॉइन २ कोटी १० लाखांपेक्षा जास्त निघणारच नाहीत, म्हणून ते रुपयापेक्षा भक्कम! मित्रांनो, हे जरा तपासून पाहू.

नोव्हेंबर २०२१ मध्ये एक बिटकॉइन सुमारे ६९ हजार डॉलरवर होता. वर्षभरात तो १६ हजारांच्या आसपास आला. त्या वर्षी आपल्याकडे महागाई साधारण ६ टक्के होती. म्हणजे १०० रुपयांचं ताट १०६ ला झालं. तेच ताट बिटकॉइनमध्ये मोजलं तर चौपट महाग! डिसेंबर २०२४ मध्ये बिटकॉइन एक लाख डॉलरच्या वर गेला, तेव्हा ताट सुमारे सहाव्या हिश्श्यावर आलं. कुणाला नफा झालाही असेल, पण याला स्थैर्य म्हणता येत नाही.

असं का होतं? नाण्यांची संख्या ठरलेली, मागणी मात्र रोज बदलणारी. मग सगळा धक्का किमतीवर येतो. फीडबॅक नसलेल्या कंट्रोल सिस्टीमसारखंच हे. रुपयाला फीडबॅक आहे. महागाई ४ टक्क्यांच्या जवळ, २ ते ६ च्या आत ठेवायची, असं उद्दिष्ट रिझर्व्ह बँकेला २०१६ मध्ये मिळालं. बँक त्यासाठी व्याजदर कमी-जास्त करते.

मग मर्यादा वाईट का? तसं नाही. मार्च १९२० मध्ये कोल्हापूर संस्थानातल्या माणगाव परिषदेत राजर्षी शाहू महाराजांनी ज्या तरुण आंबेडकरांचा गौरव केला, ते त्याच वर्षी लंडनला शिकायला गेले. १९२३ मध्ये त्यांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ आला. रुपया काढण्यावर पक्की मर्यादा हवी, असं बाबासाहेबांनीही मांडलं. पण कशासाठी? तर बाजारात रुपयाची खरेदीशक्ती टिकावी म्हणून. भाव वाढतात आणि मजुरी मागे राहते, हे त्यांनी ओळखलं होतं. मर्यादा हे साधन, स्थैर्य हे साध्य. बिटकॉइनकडे साधन आहे, पण त्यात ना कुणाचा पगार ठरतो, ना ताटाचा भाव.

तेव्हा हौस म्हणून क्रिप्टोत पैसे घालायचे तर बुडाले तरी चालतील एवढेच घाला. घरून आलेले मेसचे पैसे मात्र रुपयातच राहू द्या!